पाटीवर गाव आहे, रस्त्यावर गाडी नाही

महाराष्ट्रात शहरातल्या बसला क्रमांक असतो. खेड्यात येणाऱ्या बसला नाव असते. मुंबईकर बेस्टची बस तिच्या आकड्यावरून ओळखतो, पुणेकर पाहुण्याला घरचा पत्ता सांगताना आधी बसचा आकडा सांगतो. अहमदपूर तालुक्यातल्या माणसाला असा आकडा ठाऊक नाही. त्याच्या लेखी ती ‘सातची’ असते, ‘साडेदहाची’ असते, ‘शाळेची’ असते; आणि रात्री उशिरा येऊन देवळापुढच्या मोकळ्या जागेत उभी राहणारी, पहाटे पहिल्या उतारूंना घेऊन निघणारी ती ‘मुक्कामी’ असते. समोरच्या काचेमागची पाटी लांबून दिसली की पारावर बसलेली माणसे पिशव्या सावरू लागतात. त्या पाटीवर आपल्या गावाचे नाव आहे, म्हणजे या राज्याच्या कारभारात आपण कोठेतरी मोजले जातो, एवढा त्या पाटीचा अर्थ आहे.

क्रमांक या गाडीलाही असतो. पण तो गावाला दिसत नाही. तो आगारातल्या कागदावर असतो आणि तेथे तिला ‘नियत’ म्हणतात. एका नियतात चालक-वाहकाची दिवसभराची कामगिरी आणि तीन-चार गावांच्या फेऱ्या गुंफलेल्या असतात. गाड्या कमी पडल्या, चालक कमी पडले किंवा भारमान घसरले, की त्या कागदावर लेखणी फिरते. कधी दोन नियते एकत्र करून एकच गाडी अमुकमार्गे तमुक अशी फिरवली जाते, कधी ‘साधारण’ गाडी ‘जलद’ होते आणि काल ज्या फाट्यावर थांबत होती त्या फाट्यावरून आज धूळ उडवीत निघून जाते. आगाराच्या दृष्टीने एक आकडा कमी झालेला असतो. गावाच्या दृष्टीने सातची गेलेली असते.

मुंबईत २०२१ साली बेस्टने आपल्या मार्गांची फेररचना केली, क्रमांकांत फेरफार केले, तेव्हा वर्तमानपत्रांचे रकाने भरले. थांब्याथांब्यांवर चर्चा झाली. नगरसेवक बोलले, प्रवासी संघटना बोलल्या. ते योग्यच होते. परंतु खेड्यातली फेरी बंद होते तेव्हा तिची बातमी होत नाही. ना ग्रामपंचायतीच्या फलकावर सूचना लागते, ना शाळेला पत्र जाते. आज आली नाही, उद्या येईल, असे म्हणता म्हणता महिना सरतो आणि मग गावच काय ते समजून घेते. मृत्यूचीसुद्धा नोंद करावी लागते या देशात. फेरीच्या मरणाची तेवढी करावी लागत नाही.

अहमदपूरच्या बाबतीत हा विषय अधिक तीव्र का, हे दूरच्या वाचकाला सांगितले पाहिजे. बालाघाटच्या डोंगराळ पट्ट्यातले हे तालुक्याचे गाव. नांदेड–लातूर रस्त्यावर दोन्ही शहरांच्या मध्ये वसलेले. येथे रेल्वे नाही. लातूर रोडहून अहमदपूर, लोहामार्गे नांदेडला जाणाऱ्या लोहमार्गाची मागणी करता करता एक पिढी वृद्ध झाली. त्या मार्गावरून अद्याप गाडी धावलेली नाही. लातूर विभागात लातूर, उदगीर, निलंगा, औसा आणि अहमदपूर अशी एस.टी.ची पाच आगारे आहेत. किनगाव, हाडोळती, शिरूर ताजबंद, खंडाळी, अंधोरी, रोकडा सावरगाव ही या परिसरातली मोठी गावे. त्यांच्या भोवतीच्या वाड्या-तांड्यांना बाजार, न्यायालय, तहसील, महाविद्यालय आणि दवाखाना गाठण्याचे परवडणारे साधन एकच, ते म्हणजे एस.टी. ज्याच्या दारी मोटार आहे त्याच्यासाठी प्रश्न सुटलेला आहे. ज्याच्या दारी मोटारसायकल आहे त्याने तो स्वतःपुरता सोडवला आहे. उरतात त्या म्हाताऱ्या बायका, शाळकरी मुली, शेतमजूर आणि आजारी माणसे. महामंडळाचे बोधवाक्य ‘बहुजन हिताय, बहुजन सुखाय’ असे आहे. हे बहुजन म्हणजे दुसरे कोण?

येथे थोडे इतिहासात जाणे आवश्यक आहे. १ जून १९४८ रोजी अहमदनगरहून पुण्याला पहिली एस.टी. निघाली. स्वतंत्र भारतातल्या मराठी माणसाची ती गाडी होती. त्या दिवशी अहमदपूर स्वतंत्र नव्हते. बीदर जिल्ह्यातला हा तालुका निजामाच्या राजवटीत रझाकारांच्या सावटाखाली होता. तिरंगा फडकण्यास अजून साडेतीन महिने अवकाश होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद मुक्त झाले. निजामाच्या संस्थानातही मोटारी होत्या. १९३२ साली निजामाच्या रेल्वेखात्याने २७ गाड्यांनिशी मार्ग परिवहन विभाग सुरू केला होता. पण ती सेवा राज्यकर्त्याच्या सोयीने आणि व्यापाराच्या रस्त्याने चालणारी. खेड्यातल्या माणसाला गाडीवर हक्क सांगता आला तो मुक्तीनंतर. १९५६ च्या पुनर्रचनेत अहमदपूर बीदर सोडून उस्मानाबाद जिल्ह्यात आणि मराठी मुलुखात आले, १९६१ साली मराठवाड्याची राज्य परिवहन सेवा महाराष्ट्राच्या महामंडळात विलीन झाली आणि १९८२ साली लातूर जिल्हा झाला. म्हणजे मराठवाड्यात एस.टी. ही मुक्तिसंग्रामाच्या फळांपैकी एक आहे. ज्यांनी त्या संग्रामात लाठ्या खाल्ल्या, तुरुंग भोगले, त्या आर्यसमाजी आणि स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी आपल्या गावापर्यंत रस्ता आणि रस्त्यावर गाडी यावी यासाठी नंतर अर्जांचे गठ्ठे लिहिले. ‘रस्ता तिथे एस.टी.’ हे ब्रीद भिंतीवर रंगवण्यापूर्वी असे कमावलेले होते.

२०२३ साली या दोन्ही गोष्टींना ७५ वर्षे झाली. एस.टी.चा अमृतमहोत्सव झाला, मराठवाडा मुक्तीचाही झाला. छत्रपती संभाजीनगरात मंत्रिमंडळाची बैठक भरली, हजारो कोटींच्या घोषणा झाल्या. त्याच सुमारास पाट्याही बदलल्या. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, उस्मानाबादचे धाराशिव झाले आणि पुढे अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. या नामांतरांसाठी या साप्ताहिकाच्या वाचकांनी दशकानुदशके आग्रह धरला होता. आक्रमकांची नावे पुसली जावीत ही आमची मागणी होती आणि ती पूर्ण झाल्याचा आनंद आम्हांस आहे. तो उणा करण्याचा येथे हेतू नाही. पण ज्या पाटीवर नवे नाव रंगवले ती पाटी लावायला गाडीच नसेल तर? आगाराच्या भिंतीशी टेकून ठेवलेल्या पाटीवर धाराशिव लिहिले काय आणि उस्मानाबाद लिहिले काय, किनगावच्या फाट्यावर उभ्या असलेल्या बाईला दोन्ही सारखेच. नामांतर हा स्वाभिमानाचा विषय आहे, आणि स्वाभिमान पोटाच्या व पायाच्या प्रश्नांना पारखा झाला तर तो रंगाऱ्याच्या डब्यापुरता उरतो. हे आपल्याच माणसांना आपणच सांगायचे नाही तर कोणी सांगायचे?

फेऱ्या का कमी होतात, याचे अधिकृत उत्तर ठरलेले आहे : भारमान नाही, महामंडळ तोट्यात आहे, गाड्या नाहीत. या तिन्हींत तथ्य आहे. कोरोनापूर्वी महामंडळाकडे १८ हजारांच्या घरात गाड्या होत्या. नंतर ती संख्या १५ हजारांच्या आसपास आली. जून २०२५ मध्ये शासनाने स्वतःच श्वेतपत्रिका काढून संचित तोटा १० हजार कोटींच्या पुढे गेल्याचे मान्य केले. मुळात तीन हजार गाड्या कमी झाल्यावर कोणत्या मार्गांवरच्या कमी झाल्या, हा प्रश्न विचारायला हवा. पुणे–मुंबई मार्गावरची शिवनेरी कमी झाली नाही. लांब पल्ल्याची गाडी रद्द झाली की बोभाटा होतो, आरक्षणाचे पैसे परत करावे लागतात. खेड्यातली फेरी रद्द झाली की काहीच परत करावे लागत नाही. म्हणून तूट नेहमी शेवटच्या गावाच्या खाती पडते.

भारमानाचा हिशेब तर पाहण्यासारखा आहे. साडेदहाची गाडी एक दिवस साडेअकराला येते, दुसऱ्या दिवशी येतच नाही. प्रवासी दोन दिवस वाट पाहतो, तिसऱ्या दिवशी काळी-पिवळीत दहा माणसांच्या जागी पंधरावा होऊन लटकतो. चौथ्या दिवशी गाडी वेळेवर येते तेव्हा तिच्यात सात उतारू असतात. भारमान घसरल्याची नोंद होते. नोंद झाली की फेरी बंद होते, आणि फेरी बंद झाल्यावर अहवालात लिहिले जाते की प्रवाशांचा प्रतिसाद नव्हता. रोग्याचे अन्न तोडायचे, तो अशक्त झाला की अशक्तपणाचे कारण दाखवून औषधही बंद करायचे, त्यातला हा प्रकार आहे. गाडी वेळेवर आणि नेमाने वर्षभर चालवून मग भारमान मोजले, असे उदाहरण किती फेऱ्यांच्या बाबतीत दाखवता येईल?

उलट पुरावा मात्र शासनाच्याच हाती आहे. २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास विनामूल्य झाला. १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्म्या तिकिटात प्रवास मिळू लागला. दोन्ही निर्णय चांगले होते आणि दोन्ही निर्णयांनंतर एस.टी.त गर्दी उसळली. म्हणजे प्रवासी होता. तो घरी बसला होता, किंवा काळी-पिवळीत लटकला होता. परंतु सवलत ही गाडीत बसणाऱ्यालाच मिळते. ज्या गावची गाडी बंद झाली त्या गावच्या आजीला विनामूल्य प्रवासाचा हक्क आहे आणि प्रवास नाही. तिच्या वाट्याला आलेली शंभर टक्के सवलत ही शंभर टक्के कागदावर आहे.

मुलींच्या शिक्षणाचा विषय त्याहून गंभीर आहे. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांच्या नावाने विद्यार्थिनींना एस.टी.चा पास विनामूल्य मिळतो. मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून मुलींसाठी स्वतंत्र निळ्या गाड्या देण्यात आल्या. २०२५ साली अहिल्यादेवींची त्रिशताब्दी देशभर साजरी झाली. व्याख्याने झाली, रथयात्रा निघाल्या. ज्या राणीने काशीपासून रामेश्वरापर्यंत यात्रेकरूंसाठी घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या, तिच्या नावाचा पास दप्तरात घेऊन एखादी मुलगी फाट्यावर दीड तास उभी राहते, हे दृश्य कोणत्या व्याख्यानात बसवायचे?

बाप पहिल्या वर्षी मुलीला मोटारसायकलवर सोडतो. सोयाबीनच्या काढणीच्या दिवसांत त्याला सवड नसते. मग मुलगी आठवड्यातून तीन दिवस जाते. मग घरात विषय निघतो की रोज परक्याच्या जीपगाडीत बसून जाणे बरे दिसत नाही. मग एक स्थळ येते. बालविवाहावर आपण परिषदा भरवतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत वयाची १८ वर्षे पूर्ण होण्यापूर्वी लग्न झालेल्या स्त्रियांचे प्रमाण राज्यात सुमारे २२ टक्के आढळले, तर आपल्या शेजारच्या परभणी आणि बीड जिल्ह्यांत ते ४० टक्क्यांच्या वर होते. त्याची कारणे अनेक आहेत. दारिद्र्य आहे, ऊसतोडीचे स्थलांतर आहे, हुंडा आहे. पण दहावीनंतर शाळा सुटण्याचे कारण विचारा, कितीतरी घरांत उत्तर मिळेल, गाडी नाही. ज्या जिल्ह्याच्या ‘लातूर पॅटर्न’चे कौतुक सारा महाराष्ट्र करतो, त्याच जिल्ह्यात २०१५ साली दुष्काळाच्या दिवसांत एका विद्यार्थिनीने पासाच्या पैशांची सोय होत नाही म्हणून आयुष्य संपवले. त्यानंतर शासनाने दुष्काळग्रस्त भागातील विद्यार्थ्यांना पासात सवलत दिली. एक जीव गेल्यावर पास मिळाला. गाडीसाठी आपण काय जायची वाट पाहणार आहोत?

म्हाताऱ्या माणसांचे दुःख वेगळ्या प्रकारचे आहे. लातूरचे विवेकानंद रुग्णालय डॉ. अशोकराव कुकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ साली सुरू केले. पुण्या-मुंबईत सहज जम बसवता आला असता अशा डॉक्टरांनी मागास भागात जाऊन उभे केलेले ते काम संघविचाराच्या प्रत्येक कार्यकर्त्याला अभिमान वाटावा असे आहे. पण त्या रुग्णालयाच्या दाराशी गरीब रुग्ण आला कशाने? बहुतांशी एस.टी.ने. पहाटेच्या मुक्कामी गाडीने निघायचे, अहमदपूरला गाडी बदलायची, दहाच्या आत लातूर गाठायचे, तपासणी आटोपून संध्याकाळच्या गाडीने परत. मुक्कामी गाडी बंद झाली की हा एका दिवसाचा प्रवास दोन दिवसांचा होतो. मग गुडघा दुखतो तो दुखतच राहतो, मोतीबिंदू पिकत जातो. आपण सेवेची केंद्रे उभारली आणि केंद्रापर्यंत नेणारी वाट आक्रसत गेली, तर सेवा कोणाची होणार? ज्यांना मोटार आहे त्यांची.

भक्तीचेही तेच आहे. आषाढीला महामंडळ पंढरपूरसाठी सुमारे पाच हजार जादा गाड्या सोडते. त्या दिवसांत आगारे रिकामी होतात, गावच्या फेऱ्या रद्द होतात आणि खेड्यातला माणूस अवाक्षर काढत नाही. विठ्ठलाच्या कामाला गाडी गेली म्हणतो. अहमदपूर ही डॉ. शिवलिंग शिवाचार्य महाराजांची भूमी. वैद्यकाचे शिक्षण घेतलेल्या त्या वीरशैव संन्याशाने २०२० साली देह ठेवीपर्यंत, वयाची शंभरी ओलांडल्यावरही, लोकांत राहून प्रबोधन केले. कपिलधारची पदयात्रा त्यांनी लोकांत रुजवली. अशा भूमीतला माणूस चालायला भीत नाही आणि देवासाठी गाडी गेली तर रुसत नाही. परंतु राजकीय मेळाव्यांना माणसे भरून नेण्यासाठी त्याच गाड्या जातात तेव्हा तो काय समजून गप्प बसेल? २०२३ साली ‘शासन आपल्या दारी’ हा कार्यक्रम जिल्ह्याजिल्ह्यांत झाला. लाभार्थ्यांना आणण्यासाठी एस.टी.च्या गाड्या शेकड्यांनी लावल्या गेल्या आणि त्या दिवशी विद्यार्थी थांब्यावर राहिले. शासन दारी यायचे म्हणून दारची गाडी गेली! सत्तेवर आपल्या विचाराची माणसे आहेत म्हणून या विसंगतीकडे डोळेझाक करणे हा त्या विचाराशीच द्रोह ठरेल.

आता तोट्याविषयी. एस.टी. तोट्यात आहे हे वाक्य इतक्या वेळा उच्चारले जाते की ते निसर्गनियमासारखे वाटू लागले आहे. वास्तविक या संस्थेची रचनाच अशी होती की लांब पल्ल्याच्या भरलेल्या गाड्यांनी मिळवायचे आणि खेड्यातल्या अर्ध्या रिकाम्या गाड्यांवर खर्चायचे. एकत्र कुटुंबात मिळवता भाऊ शिकणाऱ्या भावाचा खर्च उचलतो, तसे. ही व्यवस्था मोडली ती खासगी ट्रॅव्हल्सनी. कंत्राटी परवाना घ्यायचा आणि टप्प्याटप्प्यावर उतारू चढवायचे, हा प्रकार कायद्याला मान्य नाही आणि तो रात्री प्रत्येक शहराच्या चौकात उघड चालतो. बसस्थानकापासून दोनशे मीटरच्या आत खासगी वाहन उभे राहू नये हा नियम कोणत्या स्थानकाबाहेर पाळला जातो, ते दाखवावे. मिळवता मार्ग असा खासगी धन्याच्या हाती गेला, खर्चाचा मार्ग महामंडळाकडे राहिला, आणि वर शासन एस.टी.च्या तिकिटातून साडेसतरा टक्के प्रवासी कर घेत आले. विमानाच्या इंधनावरचा कर कमी करण्यासाठी उत्साह दाखवणाऱ्या राज्यात शेतमजुराच्या तिकिटावर एवढा कर असावा याचे आश्चर्य कोणाला वाटत नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये भाडे १७ टक्क्यांनी वाढले, जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा १४.९५ टक्क्यांनी वाढले. वाढलेले भाडे देऊनही फेरी टिकली नाही, ही खेड्याची तक्रार आहे.

कर्मचाऱ्यांचाही न्याय करावयास हवा. २०२१ च्या दिवाळीपासून एप्रिल २०२२ पर्यंत सुमारे साडेपाच महिने संप चालला. शासनात विलीनीकरणाची त्यांची मागणी मान्य झाली नाही. अखेर उच्च न्यायालयाने २२ एप्रिलपर्यंत कामावर रुजू होण्यास सांगितले. त्या संपाने खेड्याचे अतोनात हाल झाले आणि एस.टी.ची सवय सुटलेला प्रवासी कायमचा तुटला, हे खरे. ज्यांनी संपाच्या आगीवर आपल्या पोळ्या भाजल्या त्यांची नावे लोकांना ठाऊक आहेत. पण महिनोन्महिने वेतन वेळेवर न मिळालेला चालक, परगावी मुक्कामी गाडीत मच्छरांत झोपणारा वाहक, या माणसाला खलनायक ठरवणे सोपे आहे म्हणून योग्य नाही. मुक्कामी गाडीच्या चालक-वाहकाला गावाने वर्षानुवर्षे जेवू घातले आहे, आणि त्यांनीही गावची औषधे, गावचे निरोप, कधी परगावी शिकणाऱ्या मुलाचा डबा इमानाने पोहोचवला आहे. ते नाते कोणत्याही भारमानात मोजले गेले नाही.

आमचा महामार्गांना विरोध नाही. तुळजापूरहून नांदेडमार्गे नागपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग अहमदपूरहून गेला आणि त्याने अंतर जवळ आणले. पवनारपासून पत्रादेवीपर्यंतचा ८०२ किलोमीटरचा शक्तिपीठ महामार्ग आखला गेला तेव्हा त्याचा खर्च सुमारे ८६ हजार कोटी सांगण्यात आला. माहूरची रेणुका, तुळजापूरची भवानी आणि कोल्हापूरची अंबाबाई एका मार्गाने जोडण्याची कल्पना कोणाही श्रद्धावंताला भावेल. प्रश्न इतकाच आहे की रेणुकेच्या दर्शनाला आजवर कोण जात आले? ओटीचे खण-नारळ पिशवीत घालून, मांडीवर नातू घेऊन एस.टी.च्या खिडकीशी बसलेली बाई. तिला सहापदरी रस्त्यावर कोणत्या गाडीत बसवणार, हेही त्याच आराखड्यात लिहिले असते तर बरे झाले असते. रस्त्यासाठी पैसा आहे आणि रस्त्यावरच्या सार्वजनिक गाडीसाठी नाही, ही निवड आहे. ती आकाशातून पडलेली नाही.

जे लोक खासगीकरणाचा मंत्र जपतात त्यांनी ब्रिटनकडे पाहावे. तेथे १९८५ च्या कायद्याने लंडनबाहेरची बस वाहतूक खुली केली गेली. स्पर्धा होईल, भाडे उतरेल, सेवा वाढेल असे सांगितले गेले. फायद्याच्या रस्त्यांवर गर्दी झाली आणि खेडी ओस पडली. मँचेस्टर शहराने २०२३ पासून आपल्या बसगाड्या पुन्हा सार्वजनिक नियंत्रणाखाली आणण्यास प्रारंभ केला आणि जानेवारी २०२५ मध्ये ते काम पुरे केले. जवळचे उदाहरण हवे असेल तर १९५६ पर्यंत अहमदपूर ज्या जिल्ह्यात होते त्या बीदरकडे पाहावे. कर्नाटकाने जून २०२३ पासून महिलांना साध्या बसमधून विनामूल्य प्रवास दिला. फुकट वाटण्याच्या राजकारणाशी आमचे मतभेद आहेत आणि राहतील; परंतु उदगीरच्या स्थानकात कर्नाटकची गाडी पाहिल्यावर सीमेवरचा मराठी माणूस तुलना करणार नाही, अशी अपेक्षा कोणी करू नये.

पंडित दीनदयाळजींनी राजकारणाला अंत्योदयाची कसोटी दिली. पंक्तीतल्या शेवटच्या माणसाचे काय झाले, यावरून व्यवस्थेची परीक्षा करावयाची. एस.टी.ला ही कसोटी शब्दशः लागू पडते, कारण तेथे शेवटचे गाव खरोखरच शेवटचे असते. रस्ता तेथे संपतो, गाडी तेथून वळते. २०२५ मध्ये परिवहन मंत्र्यांनी दरवर्षी पाच हजार नव्या गाड्या घेण्याचे जाहीर केले. भाडेतत्त्वावर १,३१० गाड्या घेण्याच्या वादग्रस्त निर्णयाला मुख्यमंत्र्यांनी त्याच वर्षाच्या आरंभी स्थगिती दिली. या दोन्ही गोष्टींबद्दल सरकारचे अभिनंदन करताना एकच विचारायचे आहे : नवी गाडी प्रथम कोणत्या आगाराला? आजवरची रीत अशी की नवी गाडी मोठ्या शहराच्या लांब मार्गावर धावते आणि आठ-दहा वर्षांनी थकली की खेड्यात येते, जशी थोरल्याची झिजलेली चप्पल धाकट्याला. ती मग घाटात बंद पडते आणि त्या दिवशीचे किलोमीटर ‘रद्द’ या रकान्यात जातात.

मागणी मोठी नाही. ज्या गावाला डांबरी रस्ता आहे त्या गावाला शाळेच्या वेळेची एक, परतीची एक आणि जेथे पूर्वी होती तेथे मुक्कामी एक, एवढ्या फेऱ्या भारमानाच्या हिशेबातून वगळाव्यात आणि त्यांची तूट शासनाने पाणीपुरवठ्याच्या किंवा शाळेच्या खर्चासारखी सरळ उचलावी. साधारण गाडीच्या तिकिटावरचा प्रवासी कर काढून टाकावा. पन्नास आसनांची गाडी परवडत नसेल तर पंचवीस आसनांची द्यावी. आणि कोणतीही फेरी बंद करण्यापूर्वी तसे ग्रामपंचायतीला एक महिना आधी लेखी कळवणे आगारास बंधनकारक करावे. शेवटच्या मागणीला तर एक पैसाही लागत नाही.

आणि थोडे काम आपलेही आहे. १५ ऑगस्टला, २ ऑक्टोबरला, २६ जानेवारीला, १ मेला गावोगाव ग्रामसभा होतात. शाखेत, भजनी मंडळात, बचत गटात जाणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी त्यापूर्वी एक संध्याकाळ द्यावी. कोरोनापूर्वी, २०१९ साली, आपल्या गावाला कोणकोणत्या वेळेला गाडी होती ते जुन्या माणसांना, शिक्षकांना, स्थानकातल्या निवृत्त वाहतूक नियंत्रकांना विचारून कागदावर उतरवावे. त्याशेजारी आजच्या वेळा लिहाव्यात. गावातून रोज किती मुली अहमदपूरला शिकायला जातात आणि किती जणींनी जाणे सोडले, त्यांचा आकडा खाली घालावा. तो कागद ग्रामसभेत वाचून ठराव करावा आणि त्याची प्रत आगार व्यवस्थापक, विभाग नियंत्रक व आपल्या आमदारांना पोच घेऊन द्यावी. शाळा जूनच्या मध्यात उघडतात. ठराव त्याआधी, १ मेच्या ग्रामसभेत झालेला असला तर नव्या वर्षाच्या वेळापत्रकात त्याला जागा मिळण्याची आशा धरता येईल.